गाडी गॅरेजात देण्यापूर्वी

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, वडोदऱ्यात पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा वेळी अडलेला ग्राहक लबाड गॅरेजवाल्याच्या हाती आयताच सापडतो.

गाडी बुडाली असेल तर चावी फिरवून पाहू नका. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि खर्च कैक पटींनी वाढतो. आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.

गाडी सोपवताना जॉबकार्ड भरून घ्या. त्यावर तक्रार, किलोमीटर आणि अंदाजे खर्च लिहिलेला हवा. ‘तुम्हीच बघून करा’ असं म्हणणं म्हणजे कोरा चेक देणं! विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नका, असं जॉबकार्डावरच लिहा.

ब्रेक पॅड बदलले म्हणतात? मग जुने दाखवायला सांगा. पत्र्यावरचा घर्षणाचा थर अजून चांगला जाड असेल, तर झीज हे कारण पटणारं नाही. नव्या भागाचं खोकं पाहा, बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी मागा.

तरीही फसवणूक झाली, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत दाद मागता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकिलाचीही सक्ती नाही. मात्र पुरावा लागतो. म्हणून पक्कं बिल घेतल्याशिवाय गॅरेजमधून निघू नका.