होडीचें यंत्र कां अडखळतें ?

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला, कीं कोकणपट्टीवरील लहान होड्या पुन्हां पाण्यांत उतरूं लागतात. पूर्वीं या होड्यांना वल्हें आणि शीड यांचाच आधार असे. आज त्यांतील पुष्कळ होड्यांच्या मागील फळीवर बाहेरून टांगलेलें एक यंत्र दिसतें. यालाच आउटबोर्ड यंत्र म्हणतात. १९०९ सालीं अमेरिकेंत ओले एव्हिन्रूड यांनीं अशीं यंत्रें विक्रीसाठीं तयार करण्यास प्रारंभ केला. त्यानंतर या यंत्रांत अनेक सुधारणा झाल्या, परंतु त्यांच्या मूळच्या गरजा मात्र बदलल्या नाहींत. यंत्राला शुद्ध इंधन हवें, योग्य क्षणीं ठिणगी हवी, सिलिंडरांत पुरेसा दाब हवा आणि अंग थंड ठेवण्यास पाणी हवें. यंत्र अडखळूं लागलें, म्हणजे यांपैकीं कशाची तरी उणीव पडली आहे, अथवा पाण्यांतील पंख्याला कांहीं अडथळा झाला आहे, असें समजावें.

पहांटेच्या सुमारास जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. होडी बाहेर काढण्यास तो अनुकूल खरा. पण यंत्र बंद पडलेल्या होडीला तोच वारा किनाऱ्यापासून दूर नेतो. शीड घरीं ठेवून केवळ यंत्राच्या भरंवशावर निघालेल्या माणसाला यंत्राचा बिघाड ही साधी गैरसोय नव्हे. तेथें जिवाशीं गांठ असते.

अशाच एका पहांटेची कल्पना करावी. होडींत एक वृद्ध तांडेल व त्याचा तरुण पुतण्या आहे. यंत्र पहिल्याच ओढीला सुरू झालें, दहा मिनिटें उत्तम चाललें, आणि मग त्याचा जोर ओसरूं लागला. पुतण्याचा हात लगेच कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे गेला.

"काका, हा जरा फिरवून बघूं कां ?"

"त्याला हात लावूं नको. आधीं नांगर टाक."

नांगर पडला. होडी एका जागीं स्थिर झाली. तांडेलानें टांकीच्या झांकणावरील हवेचें छिद्र पाहिलें, तर त्याचा आटा घट्ट बंद होता ! इंधन बाहेर जात होतें, परंतु त्याची जागा घेण्यास आंत हवा येत नव्हती. त्यामुळें टांकींत पोकळी निर्माण झाली आणि पंपाला इंधन ओढवेना. आटा सैल होतांच यंत्र पूर्ववत् चालूं लागलें.

पुतण्यानें स्क्रू फिरवला असता तर काय झालें असतें ? थोडा वेळ यंत्र बंद राहिल्यावर झांकणाच्या फटींतून हवा हळूहळू आंत शिरली असती, यंत्र पुन्हां सुरू झालें असतें, आणि स्क्रूनेंच गुण आला अशी त्याची खात्री पटली असती. पुढच्या दहा मिनिटांनीं मात्र यंत्र पुन्हां थांबलें असतें, आणि तोंवर एका बिघाडाचे दोन झाले असते. कारण न कळतां सुधारलेलें यंत्र हें किनाऱ्यावर बंद पडलेल्या यंत्राहून अधिक घातक होय. बंद यंत्र माणसाला घरीं ठेवतें. असें यंत्र त्याला समुद्रांत नेऊन सोडतें.

म्हणून तपासणीला क्रम असावा, आणि सोप्या गोष्टीपासून अवघड गोष्टीकडे जावें. प्रथम इंधन पाहावें. नळीवरील रबरी फुगा दाबतांच यंत्र सांवरलें, तर पंप दुबळा आहे किंवा नळींत कोठें तरी हवा शिरत आहे. फुगा आपोआप चपटा होत असेल, तर अडथळा टांकीच्या बाजूस आहे. यंत्र निवल्यावर, जवळ पेटती विडी नाहीं याची खात्री करून, कार्ब्युरेटरच्या तळाचें इंधन काचेच्या पेल्यांत घ्यावें. त्यांत पाणी असल्यास तें तळाशीं वेगळें दिसतें. रॉकेलवर चालणारीं यंत्रें बहुधा पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घेतात. बंद करण्यापूर्वीं तीं पुन्हां पेट्रोलवर चालवलीं नाहींत, तर कार्ब्युरेटरांत रॉकेल उरतें आणि दुसऱ्या दिवशीं थंड यंत्र सहज पेट घेत नाहीं.

त्यानंतर ठिणगी. दोन सिलिंडरांच्या यंत्राची शक्ति एकाएकीं निम्म्यावर आली, तर एक सिलिंडर काम करीत नसावा. यंत्र बंद करून दोन्ही प्लग काढून पाहावे. एक ओला व दुसरा कोरडा असल्यास ओल्या प्लगाकडे संशय जातो. दोहोंची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर दुसरीकडे गेला, तर प्लग वाईट; जागच्या जागीं राहिला, तर तार किंवा कॉइल तपासावी. चालत्या यंत्राची तार मात्र उपटून पाहूं नये. त्यानें झटका बसतो, शिवाय इलेक्ट्रॉनिक भागहि निकामी होऊं शकतात.

यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर सतत नजर असावी. ती थांबली, कीं यंत्र त्वरित बंद करावें. पुष्कळदां पाणी ओढणाऱ्या छिद्रावर शेवाळ अथवा प्लॅस्टिकची पिशवी बसलेली असते. कधीं आंतील रबरी चक्र झिजलेलें असतें. यंत्राचा आवाज वाढतो, पण होडी पुढें जात नाहीं, असें झाल्यास पंख्याच्या मध्यावरील रबर सुटलें असावें. पंख्याच्या दांड्याला जाळ्याची दोरी गुंडाळली असेल, तर ती तेथील सील कापते; मग दांत्यांच्या पेटींत पाणी शिरून तेल दुधासारखें पांढरें होतें.

एवढें सर्व निर्दोष आढळल्यावरच सिलिंडरांतील दाब मोजावा. दोन सिलिंडरांत एकदशांशाहून अधिक फरक दिसल्यास काम कसबी कारागिराकडे सोंपवावें.

प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि ती बदलल्यावर यंत्र चालवून पाहावें. तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. ही तपासणी किनाऱ्यावर, पाण्याच्या पिंपांत यंत्र उभें करून होते, तेथें घाई नसते. आणि तरीहि समुद्रांत यंत्र थांबलेंच, तर नांगर, वल्हीं व जीवरक्षक जाकिटें होडींत असलींच पाहिजेत. वाऱ्याला वेळ दिला नाहीं, तर माणसाला विचार करण्यास वेळ मिळतो. आणि बहुतेक बिघाड एवढ्या वेळांत सांपडतात.