वेदना, हृदय आणि आत्मसंयमन

(सुवर्णमहोत्सवांत आजाऱ्यांच्या दिवशीं दिलेलें प्रवचन)



सन १५२१ च्या मे महिन्यांत स्पेनमधील पांप्लोना येथील किल्ला लढवितांना तोफगोळा लागून संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा पाय मोडला. हाड नीट न बसल्यामुळें वैद्यांनीं तें पुन्हां मोडून बसविलें. पुढें वर आलेला तुकडा करवतून काढिला. भूल देण्याचें औषध त्या काळीं नव्हतें. इग्नेशियसनें तोंडांतून शब्द काढिला नाहीं. मुठी मात्र घट्ट आवळल्या.

त्या मुठींकडे नीट पाहा. आत्मसंयमन म्हणजे वेदनेचा अभाव नव्हे. ओंठ मिटले तरी आंत हृदय धडधडतच असतें. मेंदूपासून हृदयाकडे व्हेगस नांवाचा मज्जातंतु उतरतो. तो हृदयास लगाम घालतो. श्वास घेतांना नाडी किंचित् जलद चालते, सोडतांना मंदावते. म्हणून सावकाश म्हटलेली जपमाळ आजाऱ्याचा श्वास संथ करिते. सन १९६५ मध्यें मेल्झॅक व वॉल ह्या शास्त्रज्ञांनीं असें मांडिलें कीं, वेदनेच्या संदेशांना पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक द्वार असून, मेंदूच्या आज्ञेनें तें कांहींसें मिटूं शकतें. परंतु तें सर्वस्वीं आपल्या हातीं नाहीं. भ्यालेल्या, थकलेल्या मनुष्याचें बळ लवकर सरतें.

मग जो कण्हतो त्याची श्रद्धा उणी, असें कोणीं म्हणावें काय? गेथसेमनी बागेंत प्रत्यक्ष प्रभूनें प्याला टळावा म्हणून विनविलें. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडला, असें संत लूक सांगतो. प्रभूचें संयमन मौनांत नव्हतें, पित्याच्या इच्छेस दिलेल्या होकारांत होतें.

वेदनाशामक औषध घेणें म्हणजे क्रूस टाकून देणें, असा समज कित्येक घरीं आढळतो. तो ख्रिस्तसभेचा नव्हे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं पोप बारावे पायस ह्यांनीं वैद्यांस स्पष्ट सांगितलें कीं, वेदना शमविणें धर्मसंमत आहे.

म्हणून जो आजारी निमूट निजला आहे त्यास दुखत नाहीं असें समजूं नका, त्यास विचारा. जो आक्रंदतो त्यास उपदेश करूं नका. त्याचा हात हातीं धरा, वैद्यास बोलवा. क्रुसापाशीं पवित्र मरिया माता उभी राहिली. पुत्राची वेदना तिला काढून घेतां आली नाहीं. परंतु तिनें त्यास एकटें सोडिलें नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील एकही आजारी एकटा न राहो, हेंच ह्या महोत्सवाचें खरें फळ.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.