दोन मित्रांचं पत्र



प्रत्येकाने आपल्या कामाविषयी बोलायचं आहे. मी विक्रीची पत्रं लिहितो. साबण-तेलाची नव्हे, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, पोस्टाने चालणारे अभ्यासक्रम यांची. बाई, पत्रलेखनाचे पाच गुण असे कामी आले!

आमच्या धंद्यात नवशिक्याला एक पत्र हमखास दाखवतात. अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकासाठी मार्टिन कॉनरॉय यांनी ते १९७०च्या दशकात लिहिलं. एकाच कॉलेजातून पदवी घेतलेले दोन तरुण पंचवीस वर्षांनी स्नेहमेळाव्याला येतात. दोघंही हुशार, दोघांना तीन-तीन मुलं, नोकरीही एकाच कंपनीत. पण एक छोट्या विभागाचा व्यवस्थापक, दुसरा कंपनीचा अध्यक्ष. फरक कशाने पडला? माहितीने, आणि ती वापरण्याने. हे पत्र पाव शतकाहून अधिक काळ वर्गणीदार मिळवत राहिलं.

मी त्याची नक्कल केली. एका बाकावरचे दोन मित्र, एकाची शाई संपली की दुसरा आपल्या पेनातले थेंब देणारे. पुढे एक अधिकारी झाला, दुसरा नुसते फॉर्म भरत राहिला. नोट्सचा संच चांगला खपला.

एके दिवशी फोन आला. "तो दुसरा मीच ना रे? शाईवरून ओळखलं." मी गप्प. तो रागावला नव्हता, त्याने लेकीसाठी संच मागवला होता. "पत्रातल्या पहिल्यासारखी होईल ना?" एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री कॉनरॉयचं पत्र पुन्हा वाचलं. शेवटाकडे तो सरळ सांगतो की पेपर घेतल्याने लगेच यश मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. पेपर वाचनीय, भरवशाचा आणि उपयोगी असेल, एवढंच खात्रीने सांगतो. मी गोष्ट उचलली होती आणि नेमकं हे गाळलं होतं.

साडीचा पोत बोटांनी बघता येतो, आंबा हुंगता येतो. नोट्समध्ये काय आहे ते पैसे मोजल्यावरच कळतं. तोवर गिऱ्हाईक फक्त आमच्या शब्दावर असतं. म्हणून आता पत्रासोबत पूर्ण अनुक्रमणिका आणि एक अख्खं प्रकरण पाठवतो. कोणत्या वर्षीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे लिहिलंय, कोणी घेऊ नये, तेही लिहितो. पैसे परत करण्याची अट बारीक टाइपात नसते. 'यशाची हमी' हे शब्द काढले. मागणी थोडी घटली, मालक कुरकुरले. कुरकुरू देत.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसलाय. संचाचे पैसे परत घ्यायला तयार नाही. लेक इतिहासाच्या नोट्स वापरते म्हणाला, गणिताच्या नाही. गणित खरंच कच्चं होतं. पत्रात मी त्याचीच सर्वांत जास्त तारीफ केली होती.