आधी दोर ओढा

घोरावाडीच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणारी मुले मोबाइलमध्ये गढलेली दिसली की आपण वडीलधारी मंडळी हळहळतो, आणि घरी येऊन स्वतःही तेच करतो. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते त्या व्यसनाविषयी कमी, आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातील टवाळी, खोट्या खात्यावरून येणाऱ्या धमक्या, भलत्या देहाला चिकटविलेला मुलीचा चेहरा, अशा छळाविषयी अधिक. हा छळ मूल घरी सांगत नाही, कारण सांगताच फोन जप्त होणार हे त्याला पक्के ठाऊक असते.

आपल्याकडे पूर्वी पोहायला शिकविताना पोराच्या पाठीला सुका भोपळा व कमरेला दोर बांधून त्याला विहिरीत सोडीत, आणि दोराचे टोक काठावरच्या चुलत्याच्या हाती असे. पोर गटांगळ्या खाऊ लागले तर "उतरलास कशाला?" म्हणून कोणी त्याच्या थोबाडीत देत नसे, आधी दोर ओढीत. नाकातोंडात पाणी गेले म्हणून विहीरही कोणी बुजविली नाही. शिवाय त्या चुलत्याला स्वतःला पोहता येत असे, हे विसरू नका!

२०२२ साली यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलबंदी केली. हेतू निर्मळ, पण हे विहीर बुजविणेच झाले. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची तजवीज झाली. ती मला अधिक रुचते, कारण तो हुकूम थोरांनाही लागू होता.

अशा छळाविरुद्ध कायदा आहे, २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो आहे. परंतु फिर्यादीला पुरावा लागतो, आणि संतापलेला बाप नेमका तोच पुसून टाकतो. म्हणून सांगतो, फोन हिसकावू नका. मुलाची कैफियत शेवटपर्यंत ऐका, मजकुराचे स्क्रीनशॉट तारखेसह जपा, मग पोलिसांकडे जा.

छळणारे मूलही कोणाच्या तरी घरचेच असते, त्याच्या पालकांविषयी आणि शाळांच्या जबाबदारीविषयी पुष्कळ बोलावयाचे होते, पण नियोजित वेळ संपत आली आहे. एवढे मात्र लिहून घ्या: मुलांच्या मदतीसाठी क्रमांक १०९८. तो आज रात्रीच मुलांना सांगा, आणि सांगताना त्यांच्या हातातला फोन त्यांच्याच हातात राहू द्या.