बाहुल्यांची चित्रकथा

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात राहणाऱ्या मराठी मुलांना चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी ओळखीची असतात. देखणी खरी, पण त्यांतल्या बहुतेकांना कोपर नाही, गुडघा नाही. फोटोंमधून विनोदी चित्रकथा रचायची, तर हात-पाय वळणारी ॲक्शन फिगरच हवी.

अशी पहिली प्रसिद्ध बाहुली म्हणजे १९६४ सालचा अमेरिकेतला जी. आय. जो. १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा झाला. पुढे फनस्कूल कंपनीने तो भारतात आणला. या कंपनीचा कारखाना आपल्या गोव्यात आहे. तिच्या बाहुल्यांचे वेगळे रंग पाहून परदेशी संग्राहक आजही त्या शोधतात, याचा मला फार आनंद वाटतो.

अमेरिकेत टॉयफेअर मासिकाने बाहुल्यांचे फोटो काढून विनोदी चित्रकथा छापल्या. त्याच मासिकातल्या काही लेखकांनी २००५ मध्ये ‘रोबॉट चिकन’ ही बाहुल्यांचीच दूरचित्रवाणी मालिका घडवण्यात हातभार लावला.

फोटोंच्या चित्रकथेतली खरी गंमत चेहऱ्यात आहे. बाहुलीचा चेहरा बदलतच नाही! म्हणून मान किंचित झुकवायची, हात कमरेवर ठेवायचा, आणि एका चौकटीत कुणालाच बोलू द्यायचं नाही. त्या गप्प चौकटीनंतरचं वाक्य हमखास हसवतं.

कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा, खिडकीचा उजेड बाजूने घ्या. उडी दाखवायची असेल तर बारीक दोऱ्याने टांगा आणि नंतर फोटोतला दोरा पुसा. संवाद मात्र आधी कागदावर लिहून ठेवा.