वाट पाहण्याचे काम



मी सातवी शिकलेली, घरकाम करणारी बाई. भाषणाची सवय नाही. पण गेल्या हळदीकुंकवाला तुम्ही पुष्कळजणींनी विचारले, "हृदयाचे ऑपरेशन सांगितले आहे ना? मग करून का टाकत नाही?" त्याचे उत्तर आज सर्वांना एकदमच देते.

लहानपणी माझा घसा दुखून ताप आला आणि मागाहून गुडघे, घोटे सुजले. तो ताप हृदयालाही बाधला. आई दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देववीत असे. लग्नानंतर ते माझ्याच हयगयीने सुटले. आता हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप नीट मिटत नाही. पंपाचा वायसर झिजला की पाणी मागे येते ना, तसे दर ठोक्याला थोडे रक्त मागे फिरते.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लागेल, पण आज नाही." धातूची झडप बसविली तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. जनावराच्या पेशीजालाची बसविली तर ती काही वर्षांनी झिजते. म्हणून आपली झडप निभावते तोवर निभवायची. पण फार उशीर केला तर हृदयाचा स्नायूच थकतो. वेळ साधायची ती मधली.

हे "आज नाही" मला फार जड गेले. उन्हाळ्याची वाळवणे घालायलाही मन होईना. त्यातच भीतीपोटी मी एक चूक केली. जिना चढताना दम लागे, रात्री दोन उशा लागत, तरी डॉक्टरांपुढे "बरी आहे" म्हणत राहिले. शेवटी मुलीनेच सांगितले, "आई खरे सांगत नाही. ती बसल्याबसल्या झोपते." मी शरमले. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ताई, तुम्ही लपविले तर वेळ आली हे मला कळणार कसे?" इको केला. अजून थांबता येईल असे निघाले. अंगात रक्त मात्र कमी होते. औषधे बदलली, आणि सहा महिन्यांची तपासणी तीन महिन्यांवर आणली.

तेव्हापासून दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागल्या पानावर रोज लिहिते: सकाळचे वजन, पायांची सूज, जिन्यात कोठे थांबले ते. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले तर लगेच दवाखान्यात कळवायचे. पापड-लोणचे बंद केले. दात दुरुस्त करून घेतले, कारण तोंडातील जंतू रक्तावाटे झडपेवर बसू शकतात. ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलता येणार नाही, म्हणून पाण्याची कळशी कोण भरील, सिलिंडर कोण सरकवील, हेही घरात ठरवून ठेवले.

भीती गेली असे म्हणणार नाही. रात्री कुशीवर वळले की ठोके कानात ऐकू येतात. पण सकाळी वही उघडली की हाताला काम मिळते. यंदा वाळवणेही घातली, माझ्या वाट्याची बिनमिठाची.

भगिनींनो, लेकराचा घसा दुखून ताप आला तर काढ्यावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मला "ऑपरेशन केव्हा?" असे विचारू नका. "आज कशी आहेस?" असे विचारा. मी खरे तेच सांगेन.

चूकभूल पदरात घ्यावी. एवढे बोलून मी खाली बसते.