पीज केंद्राची दहा वर्षे

(मुर्री, जिल्हा गोंदिया येथील भाषणाचा मजकूर)



खेड्यातील माणसांनी आपले प्रश्न आपल्याच बोलीत मांडावे आणि ते शेजारच्या गावच्या पडद्यावर दिसावे, असे भारतात एकदा घडले आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील पीज हे ते गाव होय.

१ ऑगस्ट १९७५ रोजी अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साह्याने ‘साइट’ प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडण्यात आली होती. महाराष्ट्राचा समावेश त्यांत नव्हता. मात्र गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील रायपूरचा परिसर, जो त्या वेळी मध्य प्रदेशात होता, त्यांत होता. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री आणि तिच्याखाली एक संच, एवढीच त्या गावांची सामग्री. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली, उपग्रह माघारी गेला आणि बहुतेक गावांतील पडदे मालवले.

पीजचा पडदा मालवला नाही. तेथे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने एक किलोवॉटचा प्रक्षेपक जमिनीवरच उभारला होता. उपग्रह असो वा नसो, भोवतालच्या सुमारे ४०० गावांतील ६०० च्या आसपास सामूहिक संचांवर चित्र दिसे. हे संच दूध सोसायटी, शाळा वा पंचायत अशा सार्वजनिक जागी असत. संच कोणाच्या ओट्यावर ठेवावा हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. गावाची रचना जाणणाऱ्याला तो तसा वाटणार नाही.

एका जिल्ह्यापुरतेच बोलायचे असल्याने केंद्राला नेमके बोलता आले. शेतमजुरांची मजुरी, अस्पृश्यता, दारू, सहकारी संस्थांचा कारभार हे विषय मालिकांतून येत, आणि लिहिण्यात व अभिनयात गावकऱ्यांचाही सहभाग असे. ‘दाद फरियाद’ ह्या कार्यक्रमात लोकांच्या तक्रारी घेऊन अधिकाऱ्यांकडे उत्तर मागितले जाई. उत्तर देणाऱ्याची कुचंबणा शासकीय सेवेतील श्रोत्यांना वेगळी सांगावयास नको! पण चारचौघांत दिलेले उत्तर मागे घेणे कठीण असते, हाच त्या कार्यक्रमाचा गुण होता.

१९८४ साली ह्या कार्याला ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी केंद्र बंद करून प्रक्षेपक मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलविण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्यांनी विरोध केला, तो व्यर्थ गेला. त्या काळात देशभर प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरत होते. त्यांतील बहुतेक दिल्लीचा कार्यक्रम पुढे पोहोचविण्यासाठी होते. संख्या वाढली ही जमेची बाजू खरीच, परंतु एका जिल्ह्याचे ऐकून घेणारे केंद्र त्या हिशेबात बसले नाही. निर्णयामागे प्रशासकीय सोय होती. दूरदृष्टी होती असे म्हणवत नाही.

इन्सॅट योजनेत महाराष्ट्रातून नागपूर परिसराची निवड झाली, तेव्हा विदर्भालाही ग्रामीण कार्यक्रम मिळाले. पुढे घरोघरी तबकड्या आल्या आणि प्रसार भारतीने ३१ मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळून जुने भूप्रक्षेपक बंद केले.

पीजचा धागा दूरचित्रवाणीने सोडला, तो नभोवाणीने उचलला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्राचा परवाना मिळू लागला. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे २००८ साली सुरू झालेली माणदेशी तरंग वाहिनी माणदेशी बोलीत बोलते. संचाऐवजी तेथे साधा रेडिओ पुरतो.